रद्दीत गेलेली इतिहासाची वही

गेल्या वर्षीच्या दसऱ्याची गोष्ट. त्या दिवसांत घरोघरी जशी झाडलोट चालते, तशी आमच्याकडेही चालली होती. माळ्यावरची ट्रंक, कपाटावरचे गठ्ठे, मागल्या इयत्तेच्या वह्या असे सगळे खाली आले. रद्दीवाला काटा घेऊन दारात बसला आणि घरातला एकुलता एक एम. ए. या नात्याने कोणता कागद ठेवावा नि कोणता टाकावा, याचा निवाडा मी करू लागलो. आठवीच्या इतिहासाची एक वही हाती आली. आमची कन्या आता नववीत. तेव्हा आठवीच्या इतिहासाचे काय काम, असे म्हणून ती मी न उघडताच काट्यावर ठेवली.

संध्याकाळी कन्येने विचारले, ‘‘बाबा, माझी इतिहासाची वही पाहिलीत?’’ मी खरे ते सांगितले. ती रडली नाही, रागावलीही नाही. ‘‘त्यात आजी होती,’’ एवढेच म्हणाली आणि आतल्या खोलीत निघून गेली.

माझी आई त्याच वर्षीच्या आषाढात गेली होती. शेवटची दोन वर्षे ती आमच्याजवळ पुण्यात होती. नातीला ती आपल्या कुडाळकडच्या गावच्या गोष्टी सांगायची आणि नात त्या इतिहासाच्या वहीत, मागल्या पानापासून सुरुवात करून, चौकटी आखून काढत होती. हे घरात माझ्याखेरीज सर्वांना ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रद्दीच्या दुकानात धावलो. पोती रात्रीच टेंपोत भरून गेली होती.

मला ठाऊक का नव्हते, याचे कारण सांगायला हवे. मी कॉलेजात मराठी शिकवतो. चित्रकथा म्हणजे ज्याला वाचायचा कंटाळा त्याच्या तोंडी दिलेला खाऊ, असे माझे पक्के मत. लहानपणी पाठ्यपुस्तकाच्या आड ‘इंद्रजाल’मधला वेताळ मीही वाचला होता आणि ‘अमर चित्र कथा’मधल्या राम वाईरकरांच्या चित्रांवर तासन् तास डोळे लावून बसलो होतो, हे मी सोयीस्करपणे विसरलो होतो. त्यामुळे मुलगी मला आपली वही दाखवीत नसे.

त्यानंतर दोन महिने तिने पेन्सिल हाती धरली नाही. मास्तराला प्रायश्चित्त एकच ठाऊक असते: पुस्तक! मी अप्पा बळवंत चौकातून चित्रे काढायला शिकवणारे एक गलेलठ्ठ पुस्तक आणले. आधी वर्तुळ काढा, त्यावर उभी रेघ, आडवी रेघ, मग डोळे, मग नाक, अशी त्याची पद्धत. कन्येने सांगितल्याबरहुकूम दोन पाने काढली आणि पुस्तक माझ्यापुढे ठेवले. ‘‘बाबा, यात सगळ्यांचा चेहरा एकच आहे. आजीचा चेहरा यात येतच नाही.’’

मी वरमलो, पण त्या वाक्याने माझी वाटही दाखवली. चित्रे काढायला शिकणे निराळे आणि चित्रांतून गोष्ट सांगायला शिकणे निराळे. मला हवे होते दुसऱ्या जातीचे पुस्तक. मग वर्षभर मी ग्रंथालये धुंडाळली, इंग्रजी विभागातल्या स्नेह्यांची कपाटे उचकली. जे हाती लागले ते इथे मांडतो, कारण ज्यांच्या घरी वहीच्या मागल्या पानांवर चौकटी आखल्या जातात अशी कुटुंबे थोडी नसतील.

ही पुस्तके तीन फळ्यांवर लावता येतील. पहिली फळी आकृती रेखाटायला शिकवणाऱ्यांची. अँड्र्यू लूमिस यांचे मनुष्याकृतीच्या रेखाटनावरचे पुस्तक १९४३चे. हाडे, स्नायू, तोल, छायाप्रकाश यांचा असा कसून अभ्यास करवणारे की त्यापुढे पाणिनीही सोपा वाटावा. स्टॅन ली आणि चित्रकार जॉन बुसेमा यांचे ‘मार्व्हल’ पद्धतीचे पुस्तक १९७८चे. नायकाची मूठ वाचकाच्या नाकावर येऊन आदळावी असे चित्र कसे काढावे, ते त्यात उत्तम सांगितले आहे. हात बसवायला ही पुस्तके चांगलीच. मात्र एवढ्यावरच थांबणारे मूल दुसऱ्याचे नायक गिरवीत राहते.

दुसरी फळी चित्रकथा समजावून देणाऱ्यांची. विल आइसनर हे अमेरिकेतले नामांकित चित्रकथाकार. न्यूयॉर्कच्या एका कलाविद्यालयात ते शिकवीत आणि त्या शिकवण्यातूनच १९८५ साली त्यांचे ‘कॉमिक्स अँड सीक्वेन्शियल आर्ट’ हे पुस्तक तयार झाले. चौकट लांब केली की वेळ लांबल्यासारखा वाटतो, अक्षरांचे वळण बदलले की आवाज बदलतो, अशा गोष्टी ते दाखवून देतात. माझी आई गोष्टीत राक्षस आला की आवाज खाली नेई, त्याची मला आठवण झाली.

त्यानंतर १९९३ साली स्कॉट मॅक्लाउड यांचे ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ आले. चित्रकथेवरचे हे पुस्तक स्वतःच चित्रकथा आहे. लेखक चष्मा नि चौकड्यांचा कोट घालून पानापानावर उभा राहतो आणि आपल्याशी बोलतो. त्याच्या म्हणण्याचा गाभा असा, की चित्रकथा घडते ती दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्टीत. एका चौकटीत कुऱ्हाड उगारलेली. पुढच्या चौकटीत रात्रीचे शहर आणि एक किंकाळी. घाव कोणी घातला? चित्रकाराने तर तो काढलेलाच नाही. तो वाचकाने आपल्या मनात घातला! इंग्रजीत या कोऱ्या पट्टीला ‘गटर’ म्हणतात, हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी नाक मुरडले. पण नाव काही असो, मला तिथे एकदम पिंगुळी आठवली.

पिंगुळी हे कुडाळजवळचे, आईच्या माहेराकडचे गाव. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा सांभाळली आहे. परशुराम गंगावणे यांना या लोककलेच्या कार्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. कागदावर रंगवलेल्या चित्रांचा एक संच म्हणजे एक पोथी. एकेक चित्र समोर धरायचे, वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातली कथा गायची, मग ते चित्र मागे सारून पुढले धरायचे. आईने लहानपणी हे पाहिले होते. ती नातीला सांगे, ‘‘एक चित्र जाऊन दुसरं येईपर्यंत जीव कसा टांगणीला लागायचा!’’ मॅक्लाउड ज्या जागेविषयी पुस्तकभर बोलतो, ती आमच्या आईला एका वाक्यात ठाऊक होती.

चौकट तरी हवीच का? २०११ साली निघालेल्या ‘भीमायन’मध्ये दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी डॉ. आंबेडकरांचे चरित्र चितारले आहे. त्यात काटकोनी चौकटी नाहीत. गोंड नक्षीच्या वळणदार रेघा प्रसंगांना वेगळे करतात. मायेच्या शब्दांचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, तर विखारी शब्दांच्या फुग्याला विंचवाची नांगी. हे शिकवणारे पुस्तक नव्हे. पण आपल्याच मातीतली रेघ घेऊन केवढे काम करता येते, ते यातून मूल आपोआप शिकते. मराठीत वसंत सरवटे यांचे ‘परकी चलन’ही असेच. परदेशी व्यंगचित्रकारांची त्यात त्यांनी करून दिलेली ओळख वाचली की रेघेकडे पाहायची नजर तयार होते.

तिसरी फळी वहीत काम करवून घेणाऱ्यांची. आणि आमच्या घरी उपयोगी पडली ती हीच. जेसिका एबल आणि मॅट मॅडन या दांपत्याचे २००८चे पुस्तक म्हणजे धड्यांनी आणि गृहपाठांनी भरलेला अभ्यासक्रमच. याच मॅडन यांनी २००५ साली एक गंमत केली. एक माणूस कामावरून उठून फ्रिजपाशी जातो, वरच्या मजल्यावरून कोणी वेळ विचारते, तो सांगतो, आणि फ्रिज उघडल्यावर आपण काय घ्यायला आलो तेच विसरतो. एवढीशी गोष्ट, पण ती त्यांनी ९९ तऱ्हांनी सांगितली! निबंधाला विषय नाही म्हणणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी आता हेच पुस्तक दाखवतो.

लिंडा बॅरी या विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकवतात. ‘‘मला चित्र काढता येत नाही,’’ असे म्हणणाऱ्यांसाठीच जणू त्यांची २०१४ आणि २०१९ची पुस्तके आहेत. रोज वहीत लिहावे: आज काय केले, काय पाहिले, कानावर पडलेले एखादे वाक्य, आणि खाली एक चित्र काढावे. आयव्हन ब्रुनेटी यांचे २०११चे छोटे पुस्तक म्हणजे १५ आठवड्यांचा वर्ग. त्यांचा पहिलाच धडा असा: एखादी वस्तू आधी काही मिनिटे घेऊन काढा, मग तीच एका मिनिटात, आणि कमी करत करत अखेर पाच सेकंदांत!

एका रविवारी आम्ही हा धडा स्वयंपाकघरात केला. सौभाग्यवती घड्याळ घेऊन बसल्या. मी काढलेली मोटार पाहून कन्या कित्येक महिन्यांनी खळखळून हसली. मग ती आपणहून म्हणाली, ‘‘आता आजी.’’ पहिल्या चित्रात तिने लुगड्याच्या निऱ्या, बांगड्या, सगळे काढले. ते काही आजीसारखे दिसेना. वेळ कमी होत गेला तसतशा रेघा गळत गेल्या. पाच सेकंदांच्या चित्रात उरली फक्त पाठीची वाकलेली रेघ, अंबाडा आणि नाकावर घसरलेला चष्मा. आम्ही तिघेही गप्प झालो. ती आई होती.

तेव्हा दुकानात पुस्तक हाती घेणाऱ्या पालकांना माझी कसोटी सांगतो. पुस्तक चेहऱ्याचे साचे देते की माणसे पाहायला लावते? काय काढावे एवढेच सांगते, की काय गाळावे तेही? आणि चार पाने वाचल्यावर ते बाजूला ठेवून पेन्सिल उचलावीशी वाटते का? यातली बहुतेक पुस्तके इंग्रजीत आहेत, आणि महागही. ग्रंथालयात पाहा, चार घरांनी मिळून एक घ्या. मुलाला इंग्रजी जड जात असेल तर शेजारी बसून मराठीत सांगा. शेजारी बसणे हाच त्यातला मोठा लाभ. शाळेत पेन्सिलीला टोक करायचीही सवड नसलेले माझ्यासारखे पालकही त्या निमित्ताने दोन रेघा ओढतात.

या दसऱ्यापर्यंत कन्येची नवी चित्रकथा १२ पानांची झाली. गेलेली वही परत आली नाही, येणारही नाही; पहिल्या वहीतल्या काही गोष्टी तिलाही आता आठवत नाहीत आणि त्या सांगणारीही नाही. हे माझ्या खाती कायमचे राहील. फुग्यांतले मालवणी बोल लिहायचे काम मात्र तिने मला दिले. मी हौसेने भरभरून लिहिले. तिने निम्मे खोडले. ‘‘बाबा, हे चित्रात दिसतंय ना? मग शब्दांत कशाला?’’ इतकी वर्षे लाल पेन्सिल चालवणाऱ्या माणसाने मान खाली घालून ते दुरुस्त करून दिले.

वहीवर तिने या खेपेलाही ‘इतिहास’ असेच लिहिले आहे. आधी वाटले, निदान नाव तरी बदलायला सांगावे. पुन्हा घोटाळा नको. मग म्हटले, राहू दे. त्यात चुकीचे काय आहे? यंदा रद्दी काढताना मी प्रत्येक वही मागल्या पानापासून उघडून पाहिली.