तारेवर सरकणारी कांब आणि स्वच्छ स्वर

शाळेच्या प्रयोगशाळेत सोनोमीटर असतो. लांबट पोकळ पेटी, तिच्यावर ताणलेली तार, तारेच्या टोकाला टांगलेली वजने आणि तारेखाली सरकवायच्या दोन पाचरी. पाचरी जवळ आणल्या की स्वर चढतो, लांब नेल्या की उतरतो. हा प्रयोग आपण दरवर्षी करून दाखवतो. पुढच्या वेळी त्यात एक छोटा बदल करून पाहा. एक पाचर काढून घ्या आणि तिच्या जागी तारेवर वरून पेन्सिल आडवी टेकवा. तार छेडा. पाचरीने मिळत होता तसा नितळ स्वर आता मिळत नाही. आवाज बसका येतो, लगेच विरतो, कधी नुसतीच झर्रकन खरखर होते. आता पेन्सिलीऐवजी जाड लोखंडी बोल्टचा गुळगुळीत भाग तारेवर ठेवा. स्वर बराच सुधारतो.

तार तीच, ताण तोच, लांबीही जवळजवळ तीच. मग फरक कशामुळे पडला? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधत गेलो, तर एका वेगळ्याच गिटारपाशी जाऊन पोहोचतो.

आवाज मोठा हवा होता

गिटारच्या तारांवर बोटांऐवजी पोलादाची कांब सरकवून वाजवण्याची पद्धत हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजली. तिचे श्रेय बहुधा जोसेफ केकुकू या वादकाला दिले जाते. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोला भरलेल्या मोठ्या प्रदर्शनानंतर अमेरिकेत हवाई संगीताची लाटच आली. पण अडचण अशी, की वाद्यवृंदातल्या कर्ण्यांपुढे आणि ढोलांपुढे बिचारी गिटार ऐकूच येत नसे. विजेवर चालणारी गिटार तेव्हा बाजारात आलेली नव्हती.

लॉस एंजेलिसमधले वादक जॉर्ज बीचम आणि मूळचे स्लोव्हाक असलेले कारागीर जॉन डोपिएरा यांनी यावर तोडगा काढला. त्यांनी तारांची घोडी लाकडी तबकडीवर न बसवता ॲल्युमिनियमच्या पातळ शंकूंवर बसवली. १९२७ साली 'नॅशनल' या नावाने तीन शंकूंची, धातूच्या अंगाची गिटार बाजारात आली. लगेचच डोपिएरा बंधूंनी स्वतंत्रपणे एकाच, वाडग्यासारख्या शंकूची 'डोब्रो' काढली. स्लोव्हाक भाषेत 'डोब्रो' म्हणजे 'चांगले'. या सगळ्या गिटारींना मिळून रेझोनेटर गिटार म्हणतात.

रेडिओच्या ध्वनिक्षेपकात कागदाचा शंकू थरथरतो आणि हवा हलवतो, तेच काम इथे धातूचा शंकू करतो. तार स्वतः बारीक असल्याने फारशी हवा हलवू शकत नाही. ती घोडीला ढकलते, घोडी शंकूला ढकलते आणि शंकू हवेला. शंकू हलका आणि ताठ असल्यामुळे तारेची ऊर्जा झपाट्याने आवाजात बदलते. पण शंकूला गाणे आणि गोंगाट यांतला फरक कळत नाही. कांब तारेवर घसरल्याची खरखर, बोटाचा धक्का, सैल स्क्रूची किणकिण, सगळे तो सारख्याच इमानाने मोठे करतो. म्हणून या वाद्यावर स्वच्छ स्वर काढणे ही खरी कसोटी असते.

तारेचा शेवट कुठे होतो?

दोरीचे एक टोक खिडकीच्या गजाला बांधा आणि दुसरे हातात धरून एक झटका द्या. लाट गजापर्यंत जाते आणि उलटून परत येते. आता तीच दोरी गजाऐवजी दुसऱ्या एका बारीक दोरीला बांधा. लाटेचा काही भाग परत येतो आणि बराचसा पुढे निघून जातो. तारेचा स्वर टिकतो तो अशा परत येणाऱ्या लाटांमुळेच. दोन्ही टोकांवर परावर्तन चांगले झाले तरच तारेवर स्थिर तरंग तयार होतो आणि टोकाशी निस्पंद बिंदू राहतो.

नेहमीच्या गिटारीत बोटाने तार पडद्यावर घट्ट दाबली जाते. तिथे तारेचा शेवट पक्का होतो. कांब मात्र तार पडद्यापर्यंत दाबत नाही, ती तारेवर नुसती टेकलेली असते. तरीही तिने तारेला थोपवायचे असते. हे काम ती कशाच्या जोरावर करते? जडत्वाच्या.

थोडा हिशोब करू. ०.४ मिलिमीटर जाडीची, ६४ सेंटिमीटर लांबीची पोलादी तार सुमारे ०.६ ग्रॅम भरते. मांडीवर आडव्या ठेवलेल्या गिटारीसाठी वापरतात ती पोलादी कांब साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅमची असते. म्हणजे तारेच्या अडीचशेपट तरी जड. एवढ्या जड वस्तूला तार हलवू शकत नाही, लाट परत फिरते. पेन्सिल हलकी आणि लाकूड मऊ. ती स्वतःच तारेबरोबर थरथरते, ऊर्जा शोषते आणि मागच्या भागाकडे जाऊही देते. म्हणून चांगल्या कांबीला तीन गुण हवेत: वजन, कठीणपणा आणि गुळगुळीतपणा. आपल्या विचित्र वीणेवर काचेचा भरीव बट्टा वापरतात, त्यामागेही हेच कारण आहे.

काही वादक गिटार नेहमीसारखी धरून बोटात काचेची किंवा पितळेची नळी घालतात. जुन्या काळी त्यासाठी बाटलीची मान कापून घेत. नळी कांबीहून हलकी असल्याने तिचा स्वर थोडा वेगळा येतो. जाड भिंतीची नळी घेतल्यास तो अधिक भरदार होतो.

जाड तारा कशासाठी?

तारेची वारंवारिता लांबी, ताण आणि एकक लांबीचे वस्तुमान यांवर अवलंबून असते. लांबी आणि स्वर तोच ठेवून तार ०.३ ऐवजी ०.४ मिलिमीटर जाडीची घेतली, तर वस्तुमान जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे १.८ पट होते. तोच स्वर मिळवायला ताणही १.८ पट लागतो. सेकंदाला सुमारे २९४ कंपनांच्या स्वरासाठी पातळ तारेला सुमारे ८ किलोग्रॅम वजनाइतका ताण पुरतो, जाड तारेला मात्र १४ किलोग्रॅमच्या वर लागतो.

याचे दोन फायदे. जास्त ताणलेली तार कांबीच्या भाराने कमी वाकते, त्यामुळे स्वर चढत नाही. शिवाय ती घोडीला अधिक जोराने ढकलते. तोटा एकच, वाद्याच्या मानेवर ओढ फार येते. म्हणून मांडीवर ठेवून वाजवायच्या गिटारींची मान चौकोनी आणि भक्कम असते. त्यांच्या ताराही पट्टीपासून बऱ्याच उंच ठेवलेल्या असतात.

मिलिमीटरचा प्रश्न

बोटाने वाजवताना बोट दोन पडद्यांच्या मध्ये कुठेही ठेवले तरी स्वर पडदाच ठरवतो. कांबीच्या बाबतीत असे नाही. तिचा स्पर्शबिंदू हाच तारेचा शेवट. म्हणून ती बरोबर पडद्याच्या तारेच्या वर यायला हवी, आणि पडद्याला समांतर हवी.

६४ सेंटिमीटर तारेवर पहिला अर्धा स्वर सुमारे ३६ मिलिमीटरवर येतो. मध्यावर पोहोचल्यानंतर पुढचा अर्धा स्वर अवघ्या १८ मिलिमीटरवर असतो. म्हणजे वर जाऊ तसे कांबीचे दोन मिलिमीटर इकडेतिकडे होणे दुप्पट बेसूर होते. मात्र याच स्वातंत्र्यामुळे मींड घेता येते. ब्रिजभूषण काबरा आणि विश्वमोहन भट यांनी हिंदुस्थानी संगीत गिटारवर आणले ते याच गुणाच्या बळावर.

मागे उरलेला तुकडा

कांबीच्या पुढचा, घोडीकडचा भाग आपण वाजवतो. पण मागेही तारेचा एक तुकडा उरतो. कांब कितीही जड असली तरी थोडी ऊर्जा तिकडे झिरपतेच. बाराव्या पडद्यावर दोन्ही तुकडे सारखे, म्हणून स्वर एकच. सातव्यावर लांबीचे प्रमाण २:१, म्हणजे मागचा तुकडा वरच्या सप्तकातला तोच स्वर देतो. पाचव्यावर ३:१, म्हणजे षड्जाला वरच्या सप्तकातला पंचम. इथपर्यंत सारे गोड. नवव्या पडद्यावर मात्र पुढचा तुकडा ३८ आणि मागचा २६ सेंटिमीटरचा होतो. मागच्याचा स्वर तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या मधोमध कुठेतरी पडतो. तो कानाला खुपतो.

उपाय साधा आहे. डाव्या हाताची उरलेली बोटे कांबीच्या मागे तारांवर हलकेच टेकवून न्यायची. ती मऊ असल्याने मागच्या तुकड्याची कंपने शोषतात. पेन्सिलीचा जो दोष होता, तोच बोटांचा गुण ठरतो. ज्या तारा वाजवायच्या नाहीत, त्या उजव्या हाताच्या तळव्याने दाबून ठेवायच्या.

सरकताना येणारी खरखर

खर्जाच्या तारांवर बारीक तारेचे वेटोळे असते. कांब त्यावरून सरकताना प्रत्येक वेढ्यावर एक सूक्ष्म ठोका बसतो. वेढ्यांमधले अंतर ०.३ मिलिमीटर आणि कांबीचा वेग सेकंदाला ३० सेंटिमीटर धरला, तर सेकंदाला १००० ठोके होतात. म्हणजे चक्क १००० वारंवारितेची शीळ! वेग बदलला की शीळही चढते-उतरते. कांब स्वच्छ आणि गुळगुळीत ठेवणे, लांब जायचे असेल तर ती किंचित उचलून नेणे आणि घासून सपाट केलेल्या वेढ्यांच्या तारा वापरणे, यांनी ती कमी होते. तारा जुन्या झाल्या की वेढ्यांत मळ बसतो, वस्तुमान सगळीकडे सारखे राहत नाही आणि स्वर मंद व अशुद्ध येतो. अशा वेळी कांबीला दोष देऊन उपयोग नाही.

दोष नेमका कुणाचा?

स्वर खरखरला की लगेच पेचकस घेऊन गिटार उघडायचा मोह होतो. पण आतला शंकू पातळ असतो. बोटाच्या दाबाने त्याला पोचा पडला तर तो पूर्ववत होणे अवघड. म्हणून आधी विचार, मग हत्यार. विद्यार्थ्यांना शिकवतो तसे एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी.

कांब बाजूला ठेवून मोकळी तार छेडा. खरखर आली तर दोष वाद्यात आहे. वरच्या जाळीदार झाकणावर तळवा हलकेच ठेवून पाहा. आवाज थांबला तर एखादा स्क्रू सैल आहे. नाही थांबला तर घोडीची खाच किंवा शंकूची बैठक जाणकाराकडून तपासून घ्यावी. मोकळी तार स्वच्छ असून कांब ठेवताच खरखर येत असेल, तर कांब हलकी आहे, तिला खड्डा पडला आहे किंवा दाब अपुरा आहे. काहीच तारा खरखरत असतील, तर ताराच एका पातळीत नसाव्यात. सरळ कांब उंच तारांना टेकते, बाकीच्यांना नाही. ठरावीक पडद्यांवरच टकटक होत असेल, तर दाब जास्त होऊन तार पडद्याला लागते आहे.

तारा बदलताना सगळ्या एकदम सोडू नयेत. एका शंकूच्या काही गिटारींत शंकू केवळ तारांच्या दाबाने जागेवर राहतो. सगळा दाब गेला की तो सरकू शकतो.

जाता जाता एक गंमत. जी खरखर इथे आपण घालवू पाहतो, तिचीच बहीण तंबोऱ्यात मुद्दाम आणतात. मिरजेचे कारागीर घोडीचा माथा घासून त्याला बारीक उतार देतात, तार त्यावर अलगद टेकत राहते आणि सुताच्या धाग्याने ती जागा साधली की जवारी बोलू लागते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना याच गुणाकडे लक्ष वेधले होते. तंबोऱ्यात तारेचा शेवट मुद्दाम अनिश्चित ठेवलेला, तर स्लाइड गिटारमध्ये तो एका बिंदूवर पक्का हवा. म्हणजे 'चांगला आवाज' कुठला, हे वाद्याचे काम ठरवते. तो कसा मिळतो, हे मात्र दोन्हीकडे एकच भौतिकशास्त्र सांगते.

तेव्हा वर्गात सोनोमीटर काढाल त्या दिवशी पेन्सिल, काचेची बाटली, बॅटरीचा सेल आणि लोखंडी बोल्ट एवढे साहित्य जवळ ठेवा. कोणती वस्तू तारेला सर्वांत चांगला 'शेवट' देईल, हे मुलांना आधी लिहून काढायला सांगा. मग तार छेडा. निकाल तारच देईल.