रक्तगट जुळला, म्हणजे झालं?

दोस्तांनो, तुमच्या शाळेच्या ओळखपत्रावर रक्तगट लिहिलेला असेल. ए, बी, एबी किंवा ओ. पण हा गट असतो तरी कुठे? तो असतो रक्तातल्या तांबड्या पेशींच्या आवरणावर. तिथे साखरेच्या रेणूंच्या बारीक साखळ्या असतात. ए गटाची खूण वेगळी, बी गटाची वेगळी. एबी गटात दोन्ही खुणा असतात, ओ गटात दोन्ही नसतात. रक्ताचे असे गट असतात, हे १९०१ साली व्हिएन्नामध्ये डॉ. कार्ल लँडस्टायनर यांनी दाखवून दिलं. त्याबद्दल त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळालं. १४ जून हा त्यांचा जन्मदिवस जगभर रक्तदाता दिन म्हणून पाळतात.

आता गंमत ऐका. या खुणांचा रोगजंतूंशीही संबंध येतो! कॉलरा झाला, तर ओ गटाच्या माणसाला तो जास्त जोरात होण्याची भीती असते. मलेरियाचं मात्र उलट. फॅल्सिपॅरम जातीचा मलेरिया झाला, की जंतू शिरलेल्या पेशी आजूबाजूच्या पेशींना चिकटतात आणि त्यांचे गुच्छ बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. ओ गटात हे गुच्छ कमी होतात आणि सैल असतात. त्यामुळे मलेरिया जिवावर बेतण्याचा धोका कमी होतो.

म्हणजे ओ गटवाल्यांना मलेरिया होतच नाही का? छे! होतो की. फक्त तो गंभीर होण्याची शक्यता कमी, एवढंच. आणि खरी मेख इथेच आहे. रक्तगट रक्तदात्याला थोडाफार सांभाळेलही, पण ज्याला ते रक्त दिलं जाईल त्याला तो सांभाळत नाही. मलेरियाचे जंतू रक्तपेढीच्या फ्रिजमधल्या थंडीतही कित्येक दिवस तग धरतात. रक्तदाता हिंडता-फिरता, ठणठणीत दिसला, तरी त्याच्या रक्तात ते असू शकतात.

म्हणून रक्तपेढी दोन वेगवेगळे प्रश्न विचारते. पहिला, रक्त जुळतं का? दुसरा, रक्त निर्धोक आहे का? पहिल्याचं उत्तर 'हो' आलं, म्हणून दुसऱ्याचं आपोआप 'हो' होत नाही. आपल्या देशात रक्ताच्या प्रत्येक पिशवीची पाच रोगांसाठी तपासणी करावी लागते: एचआयव्ही, बी आणि सी प्रकारची कावीळ, सिफिलिस आणि मलेरिया. रक्तगट कोणताही असो, यातून कुणालाच सूट नाही.

मग तपासणी झाली, की काळजी मिटली? जवळजवळ मिटली, पण पुरती नाही. एखाद्याला नुकताच संसर्ग झाला असेल, तर सुरुवातीचे काही दिवस तो तपासणीत सापडत नाही. या काळाला 'विंडो पीरियड' म्हणतात. नव्या तपासण्यांनी तो बराच कमी झाला आहे, पण शून्य झालेला नाही. तिथे कुठलंही यंत्र कामाला येत नाही, कामाला येतो तो रक्तदात्याचा खरेपणा.

रक्तदानाआधी एक फॉर्म भरायचा असतो. हल्ली ताप येऊन गेला का? कावीळ झाली होती का? अंगावर गोंदवून घेतलंय का? कुणाला वाटतं, 'मित्र बरोबर आहेत, आता नाही कसं म्हणायचं?' आणि तो खोटंच लिहितो. पण त्या पिशवीच्या दुसऱ्या टोकाला एखादं थॅलॅसेमियाचं लहान मूल असू शकतं, बरं का. त्याला तर वारंवार रक्त घ्यावं लागतं. मलेरियातून पूर्ण बरं झाल्यावरही तीन महिने थांबायचं, असा नियम आहे तो याचसाठी. थांबण्यात कमीपणा कसला?

आणि हो, घरी कुणी म्हणालं, 'रक्त दिलं की आपल्यालाच रोग लागतो', तर त्यांना सांगा, सुई नवी, निर्जंतुक असते आणि एकदा वापरून टाकून देतात. रक्तदात्याला त्यातून संसर्ग होत नाही.

तुम्हाला रक्तदान करता येईल वयाच्या अठराव्या वर्षी. तोवर एक काम करा. आई-बाबा शिबिराला निघाले, की त्यांना आठवण करून द्या: 'फॉर्म नीट वाचा, आणि खरं तेच लिहा!'