संगणकीय स्क्रिप्टमधील फाइलदोष आणि रेंगाळणाऱ्या बाह्य आज्ञा : एक विवेचन

प्रस्तावना

महाविद्यालयीन कार्यालयातील अनेक नित्याची कामे आज लहानशा स्क्रिप्टवर सोपविलेली असतात. समजा, नाशिकमधील एखाद्या महाविद्यालयात दररोज रात्री एक स्क्रिप्ट दूरच्या सर्व्हरवरून अंतर्गत गुणांच्या याद्या आणते, त्यांची प्रत बाह्य डिस्कवर ठेवते आणि जुनी प्रत पुसते. यांपैकी दुसरी पायरी फसली व तिसरी पार पडली, तर सकाळी बाह्य डिस्कवर नवी प्रतही नसते आणि जुनीही नसते. स्क्रिप्टने मात्र काम पूर्ण झाल्याची नोंद केलेली असते.

फाइलदोष

लिनक्सवर प्रत्येक आज्ञा संपताना ० ते २५५ यांपैकी एक संकेतांक मागे ठेवते; ० म्हणजे यश. फाइल हाताळताना अडथळा आल्यास कार्यप्रणाली त्याचे कारणही क्रमांकाने कळविते : २ म्हणजे फाइल अस्तित्वात नाही, १३ म्हणजे परवानगी नाही, २८ म्हणजे डिस्कवर जागा नाही. माहिती उपलब्ध असते. ती विचारली जात नाही, हा खरा दोष होय. शेल एक आज्ञा फसली तरी सामान्यतः पुढच्या आज्ञेकडे वळतो. फोल्डर बदलण्याची आज्ञा फसली आणि त्यापुढे 'सर्व पुसा' अशी आज्ञा असली, तर भलतेच फोल्डर रिकामे होते. म्हणून पुसण्याची आज्ञा आधीच्या आज्ञेच्या यशावर अवलंबून ठेवावी. पाइपने जोडलेल्या आज्ञांमध्ये केवळ शेवटचीचा संकेतांक मिळतो, बॅशच्या ३.० आवृत्तीत (२००४) 'पाइपफेल' हा पर्याय त्यासाठीच आला.

फाइल आहे की नाही हे आधी तपासून भागत नाही, कारण तपासणी आणि प्रत्यक्ष लेखन यांदरम्यानही डिस्क भरू शकते. बाह्य डिस्क जोडलेलीच नसेल, तर प्रत तिच्या नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये जाते आणि संकेतांक ० येतो! ही चूक संकेतांकावरून कधीच कळत नाही.

विलंब

रेंगाळणारी आज्ञा संपलेलीच नसते, त्यामुळे तिला संकेतांक नसतो. 'डब्ल्यूगेट' ही आज्ञा मुळात प्रतिसादासाठी ९०० सेकंद थांबते आणि २० वेळा प्रयत्न करते. म्हणजे मुका सर्व्हर तिला पाच तास अडवून ठेवू शकतो. ग्नू कोअरयुटिल्सच्या ७.० आवृत्तीपासून (२००८) उपलब्ध असलेली 'टाइमआउट' आज्ञा ठरलेल्या मुदतीनंतर काम थांबविते व १२४ हा संकेतांक देते. पायथॉनच्या सबप्रोसेसमध्ये ही सोय ३.३ आवृत्तीत (२०१२) आली. मुदत अंदाजाने ठरवू नये. काही रात्रींचा प्रत्यक्ष कालावधी मोजून, त्याहून पुरेशी अधिक ठेवावी.

मुदतीने तोडलेली आज्ञा अर्धवट फाइल मागे ठेवू शकते. यादी म्हणून प्रथम तात्पुरत्या नावाने उतरवावी आणि यशाची खात्री झाल्यावरच तिला मूळ नाव द्यावे. एकाच फाइल-प्रणालीत नावबदल अखंड होतो. वाचणाऱ्यास जुनी फाइल मिळते किंवा नवी, अर्धी कधीच नाही.

यादी आणण्याची आज्ञा पुन्हा चालविण्यात धोका नाही. विद्यार्थ्यांना एसएमएस पाठविणाऱ्या आज्ञेचे तसे नाही : मुदत संपली तरी सर्व्हरने संदेश स्वीकारलेले असू शकतात, म्हणून तेथे आधी पाठवणीची नोंद पाहावी लागते.