डॉक्टर ऑक्टोपसचे लांब हात

जुलै १९६३ ही तारीख छापलेल्या ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ या अमेरिकन कॉमिकच्या तिसऱ्या अंकात एक नवा खलनायक अवतरला. लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिटको यांनी त्याला ऑटो ऑक्टेव्हियस असे नाव दिले होते. हा गृहस्थ मुळात गुन्हेगार नव्हे. तो अणुशास्त्रज्ञ होता, आणि आपल्या क्षेत्रात पहिल्या प्रतीचा. किरणोत्सारी पदार्थ दुरूनच हाताळता यावेत म्हणून त्याने कमरेला पट्ट्यासारखे बांधायचे चार यांत्रिक हात तयार केले होते. स्वतःचे दोन हात, दोन पाय आणि हे चार मिळून आठ. म्हणून सहकारी त्याला मागून ‘डॉक्टर ऑक्टोपस’ म्हणत. एके दिवशी प्रयोगशाळेत स्फोट झाला, किरणोत्साराच्या झोतात तो सापडला, यांत्रिक हात त्याच्या शरीराला कायमचे चिकटले आणि मेंदूला इजा होऊन तो दुष्ट बनला, अशी ही कथा. २००४ आणि २०२१ च्या चित्रपटांत आल्फ्रेड मोलिना या नटाने ही भूमिका केली. त्यामुळे कॉमिक न वाचलेल्या मुलांनाही हे हात ठाऊक असतात.

भंडारा जिल्ह्यातल्या शिक्षकांना अमेरिकन चित्रकथेतल्या गुन्हेगाराशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की, ऑक्टेव्हियसने जो प्रश्न सोडवण्यासाठी हे हात बनवले तो प्रश्न खरा आहे आणि आपल्या जिल्ह्याच्या अगदी जवळचा आहे. ज्या वस्तूला हात लावणे धोक्याचे आहे, ती हाताळायची कशी?

आधी त्याची गुन्हेगारी कारकीर्द थोडक्यात पाहू. पहिल्याच कथेत तो रुग्णालयातल्या माणसांना धाक दाखवतो, अणुसंशोधन केंद्र ताब्यात घेतो आणि स्पायडर-मॅनला खिडकीबाहेर भिरकावून देतो. नायकाचा हा पहिला सपशेल पराभव. पुढे काय होते, ते विज्ञानाच्या शिक्षकांना आवडेल. शाळकरी पीटर पार्कर, म्हणजेच स्पायडर-मॅन, एक रसायन तयार करून दोन यांत्रिक हात एकमेकांना जोडून टाकतो, खलनायकाच्या चष्म्यावर जाळे फेकतो आणि हनुवटीवर एक साधा ठोसा मारतो. १९६४ मध्ये ऑक्टोपसने आणखी पाच बदमाशांना एकत्र करून टोळी उभी केली. १९७० च्या एका अंकात त्याच्या मारामारीत कोसळलेल्या विटांखाली एका लहान मुलाला वाचवताना कॅप्टन स्टेसी हा सज्जन पोलीस अधिकारी मरण पावला. १९७४ मध्ये तर त्याने पीटरच्या वृद्ध मे काकूंशी लग्नच लावत आणले होते, कारण त्यांना वारशाने एक बेट आणि त्यावरील अणुकेंद्र मिळणार होते! २०१३ पासून काही काळ त्याचे मन नायकाच्याच शरीरात राहिले. पन्नास वर्षांत एका शास्त्रज्ञाची एवढी अधोगती चित्रकथेतच होऊ शकते.

आता त्याच्या हातांकडे वळू. भंडाऱ्याचा पितळी भांड्यांचा धंदा जुना. धातू वितळवलेली मूस भट्टीतून काढताना कारागीर लांब दांड्यांची सांडशी वापरतो. सांडशी ही एक तरफ आहे आणि ती हाताची लांबी वाढवते. पण कारागिराला आणखी एक संरक्षण असते. धग जास्त झाली की कातडीला चटका बसतो आणि हात आपोआप मागे येतो. गॅमा किरण आणि न्यूट्रॉन यांच्या बाबतीत हा चटकाच नाही. प्राणघातक मात्रा मिळेपर्यंतही हाताला काही कळत नाही, म्हणून तो मागेही येत नाही.

याचे दोन दुःखद पुरावे अमेरिकेतल्या लॉस अलामॉस येथील प्रयोगशाळेत मिळाले. तेथे सुमारे ६.२ किलो वजनाचा प्लुटोनियमचा एक गोळा होता. त्याच्याभोवती न्यूट्रॉन परतवणाऱ्या पदार्थाचे आवरण वाढवत नेले की साखळी प्रक्रिया कोणत्या टप्प्यावर सुरू होते, हे शास्त्रज्ञ मोजत असत. मोजत असत म्हणजे चक्क हाताने. २१ ऑगस्ट १९४५ रोजी हॅरी डॅग्लियन या चोवीस वर्षांच्या तरुणाच्या हातून टंगस्टन कार्बाइडची एक वीट गोळ्यावर पडली. पंचवीस दिवसांनी तो गेला. नऊ महिन्यांनी, २१ मे १९४६ रोजी, त्याच गोळ्यावर लुई स्लोटिन बेरिलियमची अर्धगोल वाटी हळूहळू खाली आणत होता. वाटी पूर्ण टेकू नये म्हणून मध्ये धरलेली वस्तू कोणती, तर स्क्रू-ड्रायव्हर! तो निसटला, वाटी बसली, निळा प्रकाश चमकला. स्लोटिनने तत्क्षणी हाताने वाटी उडवून दिली आणि प्रक्रिया थांबवली. तो नऊ दिवसांनी मरण पावला. खोलीतली इतर सात माणसे त्या अपघातातून वाचली. त्यांत स्लोटिनच्या खांद्यावरून डोकावून पाहणारा एक सहकारीही होता. तो बरेच आठवडे आजारी होता, पण जगला.

एक हातभर अंतर आणि मध्ये आलेले एक मानवी शरीर यांनी एवढा फरक कसा पडला, हे वर्गात दाखवता येते. अंधाऱ्या खोलीत एक लहान बल्ब लावा. त्यापासून ५० सेंटिमीटरवर १० सेंटिमीटर बाजूचा पुठ्ठ्याचा चौरस उभा धरा. भिंत बल्बपासून १ मीटरवर असेल तर सावलीची बाजू २० सेंटिमीटर भरेल, दीड मीटरवर असेल तर ३०. क्षेत्रफळे काढा: १००, ४००, ९०० चौरस सेंटिमीटर. पुठ्ठ्यावर जेवढा प्रकाश पडतो, तेवढाच प्रकाश भिंतीवरील चौपट किंवा नऊपट जागेवर पसरला असता. म्हणजे दुप्पट अंतरावर तीव्रता एक चतुर्थांश, तिप्पट अंतरावर एक नवमांश. हाच व्यस्त वर्गाचा नियम, आणि लहान आकाराच्या किरणोत्सारी स्रोतालाही तो लागू पडतो. बोटे स्रोतापासून ५ सेंटिमीटरवर असतील आणि आपण ३० सेंटिमीटरचा चिमटा वापरला, तर अंतर सहापट होते व मात्रा छत्तीसपट घटते. दीड मीटर लांबीचा यांत्रिक हात असेल तर नऊशेपट. मुलांना हे आकडे स्वतः काढू द्यावेत, सांगून टाकू नयेत.

स्लोटिनच्या अपघातानंतर लॉस अलामॉसमध्ये हाताने करायचे असले प्रयोग बंद झाले. यंत्रे बसवून, सुमारे पाव मैल दूर बसून ती चालवण्याची पद्धत आली. त्याच दशकाच्या अखेरीस शिकागोजवळच्या अरगॉन प्रयोगशाळेत रेमंड गोर्ट्झ याने खराखुरा लांब हात तयार केला. जाड भिंतीच्या अलीकडे माणूस मूठ फिरवतो आणि पलीकडे यांत्रिक पंजा तशीच हालचाल करतो. त्याच्या पहिल्या हातात मोटर नव्हती, फक्त दांडे, कप्प्या आणि तारा होत्या. यातली खरी हुशारी अशी की, पलीकडच्या पंजाला होणारा विरोध अलीकडच्या मुठीला जाणवतो. काचेची नळी पकडली की मऊ धरायचे हे माणसाला कळते. १९५४ पर्यंत गोर्ट्झने विजेवर चालणाऱ्या हातातही ही जाणीव आणली. आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अशा हातांचे आरेखन आणि निर्मिती झाली आहे. तेथील बंदिस्त कक्षांत शिसेमिश्रित काचेच्या जाडजूड खिडकीतून पाहत माणसे ते चालवतात. १९६३ साली डिटकोने कुंचला उचलला तेव्हा असे हात जगात होतेच. त्याने ते भिंतीवरून काढून माणसाच्या कमरेला बांधले, एवढेच.

आणि तिथेच भौतिकशास्त्राची गफलत झाली. भिंतीला वजन असते, ती उलटत नाही. माणूस उलटतो. समजा, ऑक्टेव्हियसचे वजन ७० किलो आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य पायांच्या बोटांच्या १५ सेंटिमीटर मागे आहे. बोटांभोवती आघूर्ण मोजले तर मागच्या बाजूला ७० × ०.१५ म्हणजे १०.५ येतात. ३ मीटर पुढे धरलेले ओझे ३.५ किलोहून जास्त झाले की तो तोंडावर आपटणार. आणि हाताचे स्वतःचे वजन? ते १० किलो धरून त्याचा मध्य दीड मीटरवर मानला, तर नुसता हात लांबवतानाच १५ होतात. बँक लुटायला निघालेला हा गुन्हेगार तिजोरीपर्यंत पोचण्याआधीच पडायचा. यावरचा उपाय मात्र चित्रकारांना उमगलेला दिसतो. बहुतेक चित्रांत ऑक्टोपस दोन हात जमिनीवर रोवतो आणि उरलेल्या दोनांनी मारामारी करतो. रस्त्याच्या कामावरचे जेसीबी खोदण्यापूर्वी मागचे दोन पाय जमिनीवर टेकवते, ते याच कारणासाठी.

किरणोत्साराने माणूस दुष्ट होतो, ही कल्पना मात्र आम्हाला मुळीच मान्य नाही. मोठी मात्रा मिळालेल्या माणसाला उलट्या होतात, रक्तपेशी तयार होणे थांबते, आतड्याचे अस्तर झडते. त्यात कोणाचा स्वभाव खलनायकाचा झाल्याची नोंद नाही. स्लोटिनने अपघाताच्या क्षणी केले ते याच्या उलट होते. विचाराने चालणारे यांत्रिक हात ही कल्पना तेव्हा निव्वळ अद्भुत होती, पण आता ती राहिलेली नाही. २०११ साली अमेरिकेत हातपाय लुळे पडलेल्या एका स्त्रीने मेंदूत बसवलेल्या संवेदकाच्या साहाय्याने यांत्रिक हात हलवला आणि जवळजवळ पंधरा वर्षांत प्रथमच स्वतःच्या इच्छेने कॉफीचा घोट घेतला.

आता आपल्या जिल्ह्याकडे. भंडारा शहराजवळच्या जवाहरनगर येथील आयुध निर्माणीत तोफगोळ्यांना व अस्त्रांना लागणारी प्रणोदके आणि स्फोटके तयार होतात. २४ जानेवारी २०२५ रोजी तेथे झालेल्या स्फोटात इमारतीचे छत कोसळले आणि कामगारांचे प्राण गेले. त्याचा आवाज दूरच्या गावांतही ऐकू गेला. स्फोटकांना व्यस्त वर्गाचा नियम जसाच्या तसा लावता येत नाही. धक्का-लहरीसाठी घनमुळाचा नियम वापरतात. साठा आठपट झाला, तर तेवढाच दाब दुप्पट अंतरावर जाणवतो. सत्तावीसपट झाला, तर तिप्पट अंतरावर. म्हणून स्फोटकांच्या कारखान्यांत इमारती एकमेकींपासून दूर असतात, मध्ये मातीचे उंच बांध घालतात आणि एका खोलीत किती माल व किती माणसे असावीत याची मर्यादा ठरवून दिलेली असते. उलट बाजूने पाहिले तर हा नियम कठोर आहे. धोक्याचे अंतर निम्म्यावर आणायचे असेल तर साठा निम्मा करून भागत नाही, तो एक अष्टमांश करावा लागतो. आणि माल मळणारा, ओतणारा, दाबणारा माणूस त्याच खोलीत असेल तर त्याच्यापुरते अंतर हातभरच राहते. जगभर अशा कामांत दुरून चालणारी यंत्रे आणण्याची खटपट चालते ती यासाठी.

घनमुळाचे हे गणित नववी-दहावीला सहज देता येईल. ८, २७, ६४ आणि १२५ किलोंसाठी अंतरांचे गुणोत्तर काढायला सांगावे, आलेख काढून घ्यावा. जवाहरनगर परिसरातल्या शाळांत मात्र पाटीवर उदाहरण लिहिण्यापूर्वी शिक्षकांनी वर्गावर एकदा नजर फिरवावी. त्या बाकांवर कोणाकोणाचे वडील त्या फाटकातून रोज आत जात असतील, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. तिथे आम्ही तरी उदाहरण दिवाळीच्या फटाक्याचे घेऊ.