टाचेच्या भेगा आणि कुंभाराचं गाढव



आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी विचारलं की तत्त्वज्ञानाचा माणूस टाचांच्या भेगांवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. मी वैद्य नाही, डॉक्टरही नाही. माझ्या नावामागची पदवी वेगळ्या जातीची आहे. पण घरगुती उपाय हा विषय मुळात कार्यकारणाचा आहे. ‘अमुक लावलं आणि बरं वाटलं’ या वाक्यात लावल्या‘मुळे’ बरं वाटलं की लावल्या‘नंतर’ बरं वाटलं, हे ठरवायचं कसं? हा प्रश्न आमच्या प्रांतातला आहे, आणि टाच हे त्याचं फार चांगलं उदाहरण आहे.

आधी भेग का पडते ते समजून घेऊ. आपल्या अंगावरच्या बहुतेक त्वचेत तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. तळहात आणि तळपाय यांना त्या नाहीत. तिथे घामाच्या ग्रंथी भरपूर आहेत, पण स्वतःचं तेल नाही. शिवाय टाचेवरचा मृत पेशींचा थर जाड असतो. तो आपल्याला हवाच असतो, नाहीतर अनवाणी दोन पावलंही टाकता आली नसती. टाचेखाली चरबीची एक गादी असते. उभं राहिलं की वजनाने ती दबते आणि कडेने बाहेर फुगते. वरचं कातडं लवचीक असेल तर ते त्याबरोबर ताणलं जातं. कोरडं, कडक असेल तर तडकतं. तळ्यातलं पाणी आटल्यावर चिखलाला भेगा पडतात, तसंच. म्हणून भेगा बहुधा टाचेच्या कडेला दिसतात. म्हणूनच दिवसभर उभं राहणारे, जड अंगाचे, मागून उघड्या चपला घालणारे आणि घरात फरशीवर अनवाणी वावरणारे यांना हा त्रास जास्त. आपल्याकडे काही ठिकाणी याला जळवात म्हणतात. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत होतात त्या चिखल्या मात्र वेगळ्या. त्या ओलाव्याने होतात, या कोरडेपणाने. दोन्हींना एकच औषध लावून चालत नाही.

आता महत्त्वाचा मुद्दा. हे कातडं मऊ कशाने राहतं? आपलं सहज उत्तर असतं, तेलाने. 1952 साली अमेरिकेत आयर्विन ब्लँक नावाच्या संशोधकाने एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. तळपायाच्या घट्ट्याचे तुकडे घेऊन ते वाळवले. वाळल्यावर ते ठिसूळ झाले. मग ते तेलात, व्हॅसलीनसारख्या पदार्थांत ठेवून पाहिले. ते मऊ झाले नाहीत. पाणी मिळालं, तेव्हा ते पुन्हा लवचीक झाले. म्हणजे कातडं मऊ करतं ते पाणी. मग तेलाचं काम काय? आत आलेलं पाणी उडून जाऊ न देणं. रांजण भरतं ते पाणीच, पण झाकण नसेल तर ते उडून जातं. तेल हे झाकण आहे. रिकाम्या रांजणावर कितीही चांगलं झाकण ठेवलं तरी तहान भागणार नाही.

एवढं कळलं की आपल्या घरातले निम्मे उपाय का चालतात आणि निम्मे का चालत नाहीत, याचा उलगडा होतो.

न्यायशास्त्रात कारणाची चर्चा करताना मडक्याचं उदाहरण घेतात. मडकं तयार होण्याआधी माती होती, चाक होतं, चाक फिरवायचा दांडा होता, कुंभार होता. आणि माती वाहून आणणारं गाढवही होतं. सगळेच मडक्याच्या आधी हजर. मग गाढव हे मडक्याचं कारण म्हणायचं का? नैयायिक म्हणतात, नाही. ते ‘अन्यथासिद्ध’ आहे. त्याच्यावाचून अडत नाही. माती डोक्यावरून आणली तरी मडकं होतंच. कार्याच्या आधी हजर असणं वेगळं आणि कार्याला आवश्यक असणं वेगळं.

घरगुती उपायांत आपण नेमकं गाढवाला हार घालतो. (श्रोत्यांत हशा.)

एक नेहमीची कृती घ्या. कोमट पाण्यात मीठ, लिंबू, थोडा शाम्पू घालून पाय बुडवायचे, वज्रीने घासायचे, मग तूप लावून मोजे घालून झोपायचं. सकाळी टाचा मऊ. श्रेय कुणाला? लिंबाला! सांगणारी बाई सांगते, ‘लिंबू विसरू नका हं.’ आता अन्वय-व्यतिरेक लावा. लिंबू काढलं आणि बाकी सगळं ठेवलं, तर टाचा मऊ होतात. लिंबू ठेवलं आणि पाणी-तूप काढलं, तर होत नाहीत. उलट उघड्या भेगेत आम्ल गेल्याने चरचरतं ते वेगळंच. चरचरतं म्हणजे औषध लागू पडतंय, ही समजूतही सोडायला हवी. खाण्याच्या सोड्याचं तेच. आपल्या त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. सोडा आणि कडक साबण अल्कधर्मी. ते त्वचेतलं उरलंसुरलं तेल काढून घेतात आणि कोरडेपणा वाढवतात. फार गरम पाणीही तेच करतं.

याउलट आपल्या परंपरेत काही उपाय अगदी नेमके आहेत. कोकणात आणि गोव्यात कोकमाच्या बियांपासून तेल काढतात. कुणी त्याला भिरंडेल म्हणतं, कुणी मुठेल. ते एरवी घट्ट असतं आणि साधारण 40 अंशांच्या आसपास वितळतं. त्यामुळे भेगेत भरलं की वाहून जात नाही, तिथेच झाकण होऊन बसतं. मेण घातलेल्या मलमाचंही तसंच. सुश्रुतसंहितेत पाददारी नावाने हाच विकार येतो. फार चालणाऱ्याच्या रुक्ष पायांना होतो, असं कारणही दिलेलं आहे. उपचारात आधी शेक आणि अभ्यंग, मग मेण, तूप, राळ, गेरू अशा द्रव्यांचा लेप. क्रम बघा: आधी मऊ करणं, मग झाकणं. त्याच ठिकाणी शीर वेधून रक्त काढण्याचाही सल्ला आहे, तो आज आपण घेणार नाही. परंपरा सगळी उचलायची किंवा सगळी टाकायची, असे दोनच पर्याय नसतात. माती कुठली आणि गाढव कुठलं, हे निवडता आलं पाहिजे.

मग करायचं काय? अगदी साधं आहे. रात्री झोपण्यापूर्वी साध्या किंवा कोमट पाण्यात 15 ते 20 मिनिटं पाय बुडवा. पाण्यात काही घालायची गरज नाही. ओल्या टाचेवरून वज्री हलक्या हाताने फिरवा, सुटलेली साल निघेल एवढीच. कातडं गुलाबी होईपर्यंत घासू नका, आणि ब्लेडने तासणं तर नकोच. मग पाय टिपून घ्या, खडखडीत कोरडे करू नका. दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, तूप, खोबरेल, कोकमतेल किंवा साधं व्हॅसलीन लावा. वर सुती मोजे. फरशीवर घसरू नये म्हणूनही मोजे बरे. दिवसा मागून बंद असलेली पादत्राणं घाला. औषधाच्या दुकानात युरिया असलेलं मलम मिळतं. युरिया पाणी धरून ठेवतो आणि जाड थर सैल करतो, म्हणून फार जाड टाचांना ते तेलापेक्षा उपयोगी पडतं. ‘घरगुती’ नाही म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवू नका.

आणि पटत नसेल तर परीक्षा करून पाहा. निसर्गाने आपल्याला दोन टाचा दिल्या आहेत. उजवी भिजवून मग तेल लावा, डावीला कोरडीच तेल लावा. आठ दिवसांनी दोन्ही हातांनी चाचपून बघा. एवढा स्वस्त प्रयोग दुसरा सापडणार नाही. दोन्ही टाचा एकाच वेळी, एकाच हवेत असल्यामुळे ऋतूलाही श्रेय चोरता येणार नाही. एरवी आपण माघात उपाय सुरू करतो, पुढे हवा बदलते, टाचा आपोआप सुधारतात आणि श्रेय केळ्याच्या सालीला जातं.

आता ज्याच्यासाठी मी हा विषय घेतला, तिकडे वळतो. भेग दुखते, ही एका अर्थाने चांगली गोष्ट आहे. दुखणं हा निरोप असतो. ज्यांना हा निरोपच पोचत नाही, त्यांचं काय? मधुमेह जुना झाला की अनेकांच्या पायांची संवेदना कमी होते. अशा माणसाला भेग दिसत नाही, कारण ती दुखत नाही. पाणी कढत आहे हे कळत नाही, पाय भाजतो. भेगेतून जंतू शिरतात, रक्तपुरवठा कमी असतो, जखम भरत नाही, आणि गोष्ट पाय कापण्यापर्यंत जाऊ शकते. सुरुवात कुठून? ‘साधी भेग आहे’ म्हणून सोडून दिलेल्या टाचेपासून.

कुष्ठरोगाच्या कामाने हे जगाला शिकवलं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की कुष्ठरुग्णांच्या हातापायांची झीज बहुतांशी संवेदना गेल्यामुळे, न कळत होणाऱ्या इजांमुळे होते. आजही या रुग्णांना रोज करायला शिकवतात ते काय? साध्या पाण्यात पाय भिजवणं, जाड कातडं हळूच घासणं, ओल्यावरच तेल लावणं आणि तळपाय रोज डोळ्यांनी तपासणं. म्हणजे तुमच्या आजीचाच उपाय, फक्त गाढव वजा केलेलं.

तेव्हा घरात मधुमेही असेल, तर पाण्याचं तापमान दुसऱ्याने कोपराने पाहावं, आणि तेही कढत नको. तेल गरम करून भेगेत सोडण्याची जुनी रीत त्यांच्यासाठी बंद. वज्रीही डॉक्टरांना विचारून. रोज आरशात किंवा नातवंडांकडून तळपाय बघून घ्यावा. रक्त, पू, सूज, काळसरपणा दिसला तर त्याच दिवशी दवाखाना. इतरांनीही दोन-तीन आठवडे नीट केल्यावर फरक नसेल, एकाच पायाला खवले येऊन खाज असेल, तर दाखवावं. तो नायटा किंवा सोरायसिस असू शकतो. तिथे तूप कितीही शुद्ध असलं तरी उपयोग नाही.

प्रश्न: सर, हळद आणि मध लावलं तर?

उत्तर: मध ओलावा धरतो, लावायला हरकत नाही. हळदीने मोजे पिवळे होतील एवढं नक्की. पण खोल, रक्त येणाऱ्या भेगेत स्वयंपाकघरातलं काहीही भरू नका.

प्रश्न: शेतात काम करणाऱ्या बायकांनी रोज एवढं कसं करायचं?

उत्तर: हा आजचा सगळ्यात चांगला प्रश्न. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईला शेतकऱ्यांचा मोर्चा चालत आला, तेव्हा त्या तळपायांची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली. तिथे तूप सांगणं ही थट्टाच आहे. त्या टाचेचं पहिलं औषध म्हणजे पायात मजबूत, मागून बंद असलेलं पादत्राण. ते ज्याला परवडत नाही, त्याच्या भेगेचं कारण त्वचेत शोधून सापडायचं नाही. तरी संध्याकाळी पाय धुतल्यावर, ते ओले असतानाच, चमचाभर गोडंतेल लावलं तरी निम्मं काम होतं. त्याला वेगळा वेळ लागत नाही, फक्त क्रम लक्षात ठेवायचा. आधी पाणी, मग तेल.

आज घरी गेल्यावर स्वतःचे तळपाय बघा, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचेही बघा. ज्यांचे पाय आपण नमस्कारापुरते पाहतो, त्यांचे तळवे आपण कधी पाहिलेले नसतात.