जुन्या ट्रकच्या इंजिनात तेलाचा दाब का उतरतो?

कापसाच्या हंगामात परभणी जिल्ह्यातील मानवत, सेलू व जिंतूर या बाजारपेठांकडे मालवाहू ट्रकांची रीघ लागते. त्यांत अनेक वर्षे राबलेली जुनी वाहनेही असतात. अशा ट्रकचे इंजिन भर हंगामात जाम झाले, तर भाडे बुडते, माल वाटेत अडकतो आणि क्रँकशाफ्टच्या दुरुस्तीसाठी कर्ज काढण्याची पाळी येते. हा अनर्थ बहुधा अकस्मात घडत नाही. तेलाच्या दाबाचा काटा त्याची सूचना आधीच देत असतो.

प्रथम तेलाचा मार्ग समजून घ्यावा. चेंबरमधील तेल जाळीतून पंपाकडे जाते. तेथून ते फिल्टरमधून मुख्य वाहिनीत, तिच्यातून क्रँकच्या बेअरिंगांकडे व अखेरीस माथ्यावरील रॉकरपर्यंत पोहोचते. दाब प्रमाणाबाहेर वाढल्यास स्प्रिंगची एक झडप जादा तेल परत सोडते. या मार्गात कोठेही अडथळा किंवा गळती झाली की दाब घटतो. म्हणून तपासणी स्वस्त गोष्टीपासून महागड्या गोष्टीकडे, क्रमाने करावी. एकदम पंप बदलणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

काटा उतरताच इंजिन तत्काळ बंद करावे. आतून ठोक्यांचा आवाज येत असल्यास ते पुन्हा मुळीच सुरू करू नये. वाहन सपाट जागी उभे करून काही मिनिटांनी पट्टीने तेलाची पातळी पाहावी. पातळी वाढलेली असून डिझेलचा वास येत असेल, तर तेलात डिझेल मिसळून ते पातळ झाले आहे. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे. दोन्ही प्रसंगी मूळ दोष दूर केल्याविना नवे तेल भरणे व्यर्थ होय.

यानंतर काट्याचीच परीक्षा करावी. इंजिन बंद असताना त्याच जागी मिस्त्रीकडील खात्रीचा दाबमापक बसवावा. त्यावर दाब योग्य आढळल्यास दोष इंजिनात नसून काट्यात, तारेत किंवा नळीत आहे. दर हजार फेऱ्यांमागे चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.७ किलोग्रॅम दाब असावा, असा ढोबळ आडाखा आहे. तथापि निर्मात्याच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा.

दाब खरोखरच कमी असेल, तर थंड व गरम अशा दोन्ही अवस्थांतील नोंद घ्यावी. दोन्ही वेळी कमी असल्यास गाळाने भरलेली जाळी, कचऱ्यामुळे उघडी राहिलेली झडप, हवा ओढणारा नळीचा सांधा किंवा झिजलेला पंप यांचा संशय घ्यावा. थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर मंद गतीत कमी होत असल्यास पातळ तेल अथवा झिजलेली बेअरिंगे कारण असू शकतात. बेअरिंगची फट दुप्पट झाली की तेलाची गळती सुमारे आठपट होते. मग नवा पंपही पुरा पडत नाही. याउलट मुख्य वाहिनीत दाब चांगला असूनही रॉकर कोरडे असतील, तर वरची वाहिनी तुंबली आहे असे समजावे.

दोन चुकीच्या समजुती टाळाव्यात. जाड तेल घातल्याने काटा वर चढतो, परंतु झीज भरून निघत नाही. उलट थंडीच्या पहाटे असे तेल बेअरिंगांपर्यंत उशिरा पोहोचते. तसेच रॉकेलने किंवा डिझेलने इंजिन धुतल्यास साचलेला गाळ सुटून जाळीत अडकतो. त्यापेक्षा चेंबर उतरवून जाळी हाताने स्वच्छ करणे श्रेयस्कर.

काळ्या जमिनीची धूळ येथील इंजिनांचा मोठा शत्रू आहे. यास्तव एअर फिल्टर स्वच्छ ठेवावा आणि तेल व त्याचा फिल्टर वेळच्या वेळी बदलावा. पंपाचे काम झाल्यावर डिझेल बंद ठेवून इंजिन थोडे थोडे फिरवावे व काटा हलल्यावरच सुरू करावे. काढलेले तेल विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नये. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी वाहनधारकांना तेल बदलल्याची तारीख, धावलेले किलोमीटर आणि दाब यांची वही ठेवण्यास सांगावे. दाब हळूहळू उतरत असल्यास ती वही हंगामापूर्वीच इशारा देईल, आणि दुरुस्ती सवडीने व थोडक्या खर्चात उरकता येईल.