निवृत्तीपूर्वीची गिटारबांधणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

राज्य शासनाच्या बहुतेक सेवकांची अठ्ठावन्नाव्या वर्षी आणि केंद्राच्या सेवकांची साठाव्या वर्षी संपणारी मुदत नोकरीच्या पहिल्या दिवसापासून सर्वांना ठाऊक असते. तथापि त्या मुदतीनंतरच्या काळाचे काय करावयाचे, हा विचार बहुधा अखेरच्या दोन-तीन वर्षांतच मनात येतो, आणि तीर्थाटन, बागकाम अथवा सोसायटीचे चिटणीसपद ही ठरीव उत्तरे ज्यांना रुचत नाहीत, अशांपैकी एखाद्याने इलेक्ट्रिक गिटार स्वतःच्या हातांनी बनवण्याचा मनोदय घरात बोलून दाखवला, तर त्याच्यावर आक्षेपांचा भडिमार होतो. यातले बहुतेक आक्षेप ऐकीव असतात. आणि विशेष हे, की या कामात जे खरोखर अवघड आहे, त्याविषयी मात्र कोणी अवाक्षर काढीत नाही.

गैरसमज : ज्याला गिटार वाजवता येत नाही, त्याला ती बनवता येणार नाही.

वस्तुस्थिती : ज्याच्या नावाने जगातील सर्वांत परिचित इलेक्ट्रिक गिटारी ओळखल्या जातात, तो लिओ फेंडर गिटार वाजवावयास कधीच शिकला नाही. 1909 मध्ये जन्मलेल्या या गृहस्थाचे शिक्षण हिशेबनिसीचे, नोकरीही जमाखर्चाचीच, आणि ती सुटल्यानंतर 1938 मध्ये कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी त्याने थाटले ते रेडिओ दुरुस्तीचे दुकान. 1951 पासून टेलिकास्टर या नावाने विकली जाणारी गिटार आणि 1954 ची स्ट्रॅटोकास्टर ही दोन्ही वाद्ये त्याने वादकांच्या हाती देऊन, त्यांच्या तक्रारी ऐकून आणि त्यानुसार फेरफार करून सिद्ध केली. आपल्याकडील मिरजेचे तंतुवाद्य कारागीर, ज्यांच्या सतारी आणि तंबोरे देशभर जातात, तेही मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे होते. वादकाचा कान उसना मिळतो. कारागिराचा हात मात्र स्वतःचाच असावा लागतो.

गैरसमज : नाद लाकडातून निघतो; म्हणून दुर्मिळ विलायती लाकूड मिळाल्याखेरीज हे काम आरंभू नये.

वस्तुस्थिती : हे विधान पोकळ पेटीच्या साध्या गिटारीविषयी बरेचसे खरे आहे, कारण तेथे लाकडाची पातळ फळीच हवा हलवते, परंतु भरीव इलेक्ट्रिक गिटारीत तारेचे कंपन पिकअप नावाचे चुंबकीय उपकरण टिपते, आणि ध्वनिवर्धकातून जे ऐकू येते त्यावर पिकअपची जात, त्याची जागा, तारेपासूनचे त्याचे अंतर आणि तारेची लांबी यांचा प्रभाव प्रथम पडतो. लाकडाचा वाटा किती, यावर जाणकारांत आजही वाद आहे. इतिहासाची साक्ष मात्र बोलकी आहे : 1930 च्या दशकारंभी रिकनबॅकर यांच्या कारखान्यातून बाहेर पडलेली, तव्याच्या आकारामुळे 'फ्राइंग पॅन' म्हणून ओळखली गेलेली गिटार ओतीव अॅल्युमिनियमची होती, आणि लेस पॉल या वादकाने 1940 च्या सुमारास आपला प्रसिद्ध 'लॉग' पाइन लाकडाच्या चार इंच जाड ओंडक्यापासून बनवला.

याहून उद्बोधक उदाहरण इंग्लंडमधील आहे. पुढे 'क्वीन' या वाद्यवृंदामुळे विख्यात झालेला ब्रायन मे शाळकरी वयाचा असताना, 1963 मध्ये त्याने आणि त्याचे वडील हॅरल्ड यांनी घरच्या घरी एक गिटार बनवावयास घेतली. वडील नोकरदार होते, त्यामुळे काम फावल्या वेळातच चाले. गिटारीचा दांडा जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या महागनी लाकडाचा होता, आणि त्यातील किडीची भोके काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली होती. तारांचा ताण सांभाळण्यास जुन्या मोटारसायकलीच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा लावल्या आणि दांड्यावरील खुणांसाठी आईच्या पेटीतील शिंपल्यांची बटणे वापरली. तीच गिटार त्याने पुढे अनेक दशके, अफाट जनसमुदायासमोर वाजवली.

लाकूड निवडताना पाहावयाचे ते हे, की ते नीट वाळलेले, सरळ रेषांचे आणि खांद्याला पेलवेल इतक्या वजनाचे असावे. पावसाळ्यात कोकणात दारे फुगतात, तसा अर्धवट वाळलेला दांडाही वाकणारच. जुन्या फर्निचरचे सागवान सहज मिळते, मात्र त्यातील तेलामुळे सरस नीट धरत नाही, म्हणून चिकटवण्यापूर्वी तो पृष्ठभाग अॅसिटोनने पुसून घ्यावा. आणि विलायती लाकडाचे गोडवे गाताना हेही विसरू नये, की परदेशी कारखाने दांड्याच्या वरच्या पट्टीसाठी, म्हणजे फिंगरबोर्डसाठी, जे लाकूड आवडीने वापरतात, त्यात सह्याद्रीतही वाढणारे आपले शिसवी आहे.

गैरसमज : हे विजेचे वाद्य, विद्युतशास्त्राच्या ज्ञानावाचून त्याला हात लावणे धोक्याचे.

वस्तुस्थिती : सामान्य इलेक्ट्रिक गिटारीला विजेचा पुरवठा नसतोच. पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात थरथरली, की भोवतालच्या तांब्याच्या वेटोळ्यात, फॅराडेने 1831 मध्ये दाखवलेल्या तत्त्वानुसार, अल्पसा विद्युतदाब निर्माण होतो. त्याचे मान बहुधा काही शे मिलिव्होल्ट, म्हणजे बॅटरीच्या एका साध्या सेलपेक्षाही कमी. त्या वेटोळ्यात केसाहून बारीक तारेचे सात-आठ हजार फेरे असतात, पण ते तयार मिळते. उरलेला सरंजाम म्हणजे आवाजाची व स्वराची बटणे, एक कपॅसिटर, एक स्विच आणि एक जॅक. त्यांना डाख देता येणे, एवढीच विद्या पुरते.

एका वेटोळ्याचा पिकअप घरातील विजेची 50 हर्ट्झची गुणगुण उचलतो. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर याने दोन वेटोळी परस्परांविरुद्ध जोडून ही गुणगुण कशी मारावी हे दाखवले, आणि 1957 पासून तशा पिकअपच्या गिटारी बाजारात आल्या. धोका असलाच, तर तो ध्वनिवर्धकाच्या सदोष अर्थिंगमध्ये असतो, कारण गिटारीच्या तारा केबलमार्गे त्याच्याशी जोडलेल्या असतात. तेव्हा गिटारीला भिण्यापेक्षा घरातील तीन पिनांचे सॉकेट एकदा तपासून घ्यावे.

गैरसमज : खरी कसोटी बॉडीच्या सुबक आकाराची आणि चकचकीत पॉलिशची.

वस्तुस्थिती : ते दिसते म्हणून त्याची वाखाणणी होते; वाद्य वाद्य ठरते ते फ्रेटमुळे. फ्रेट म्हणजे दांड्यावर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या. त्या बहुधा जर्मन सिल्व्हरच्या, म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूच्या असतात, आणि त्यात चांदी औषधालाही नसते. फेंडरच्या मापाच्या गिटारीत मोकळ्या तारेची लांबी 648 मिलिमीटर धरतात, तिला 17.817 ने भागले असता पहिल्या फ्रेटचे अंतर सुमारे 36.4 मिलिमीटर येते, उरलेल्या लांबीला पुन्हा तितक्यानेच भागले की दुसऱ्याचे येते, आणि असे करीत गेले की बारावा फ्रेट बरोबर मध्यावर पडतो. बाविसाव्या फ्रेटशी हे अंतर जेमतेम 11 मिलिमीटर उरते. येथे नवशिक्या हटकून चुकतो : तो प्रत्येक माप मागच्या फ्रेटपासून घेतो, आणि जमाखर्चाच्या वहीत एका पानावरची चुकलेली बाकी पुढच्या प्रत्येक पानावर ओढली जावी, तशी त्याची चूक शेवटपर्यंत वाढत जाते. सर्व मापे तारेच्या आरंभबिंदूपासून, म्हणजे नटपासूनच घ्यावीत.

पट्ट्या ठोकून बसवल्यानंतर त्यांची उंची एकसारखी करावयाची असते. दांड्याच्या आत असलेली ट्रस रॉड नावाची सळई फिरवून दांडा प्रथम सरळ करतात. मग प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावर काळ्या मार्करची रेघ ओढून सपाट, लांब कानस हलक्या हाताने वरून फिरवतात. जेथे शाई गेली तो फ्रेट उंच, जेथे राहिली तो ठेंगणा. प्रत्येक माथ्याला कानशीचा स्पर्श होईपर्यंत घासावयाचे, त्यानंतर सपाट झालेले माथे पुन्हा गोलसर करावयाचे आणि बारीक पॉलिश पेपरने उजळावयाचे. एक ठेंगणा फ्रेट राहिला, तरी तेथे दाबलेली तार पुढच्यावर आपटून खरखरते. या कामास प्रतिभा लागत नाही. कागदावरचा आकडा दोनदा ताडून पाहण्याची सवय लागते, आणि दफ्तरात तीस वर्षे काढलेल्या मनुष्यापाशी ती अनायासे असते.

गैरसमज : तयार भाग जोडणे म्हणजे बनवणे नव्हे, आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने या भानगडीत पडू नये.

वस्तुस्थिती : फेंडरने दांडा बॉडीला सरसाने न चिकटवता चार स्क्रूंनी जोडला, तो उत्पादन आणि दुरुस्ती सोपी व्हावी म्हणूनच, अर्थात तयार दांडा घेऊन आरंभ करण्यात कमीपणा नाही. बॉडी कापण्याचे आणि राऊटरने खाचा पाडण्याचे गोंगाटाचे काम ओळखीच्या सुताराकडून नकाशाबरहुकूम करून घ्यावे. जोडणी, वायरिंग आणि फ्रेटचे काम घरच्या मेजावर होते. सावध राहावयाचे ते लाकडाच्या भुशापासून : आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच त्याची गणना कर्करोगकारक पदार्थांत केली आहे. तेव्हा चांगला मास्क ही येथे चैन समजू नये.

गैरसमज : निवृत्तीनंतर सवडीने आरंभ करू, दोन पैसेही सुटतील.

वस्तुस्थिती : फेंडरने आपली अखेरची कंपनी सत्तरीच्या उंबरठ्यावर काढली आणि 1991 मध्ये मृत्यू येईपर्यंत तो काम करीत राहिला, परंतु त्यामागे आयुष्यभराचा सराव होता. चाळिशीनंतर जवळची नजर मंदावते आणि हात वळण घेण्यास पूर्वीहून अधिक वेळ लावतो, म्हणून पगार चालू असतानाच हत्यारे एकेक करून घ्यावीत आणि पहिल्या दोन-तीन गिटारी बिघडू द्याव्यात. उत्पन्नाची आशा तर मुळीच धरू नये : यंत्रावर कोरलेल्या कारखानी गिटारींच्या किमतीशी नवख्याच्या हातकामाची बरोबरी होत नाही, आणि या बाजारात नाव कमावण्यास वर्षे लागतात. भविष्य निर्वाह निधीतील एक पैसाही यात घालू नये. ज्यांची निवृत्ती अजून चार-पाच वर्षे दूर आहे, त्यांनी या रविवारी बाजारात जावे, लाकडाच्या वखारीकडे न वळता अर्ध्या मिलिमीटरपर्यंत खरे माप देणारी पोलादी पट्टी आणि एक चांगली कानस विकत घ्यावी, आणि कामास लागावे.